सतरा, अठरा, नवरा

मरण्याच्या आदल्या दिवशी रंगनाथ गुरुजी मेथी निवडत होते आणि मराठी भाषेनं आकड्यांवर केलेल्या अन्यायाबद्दल बोलत होते. दोन्ही कामं ते सारख्याच निष्ठेनं करत. पिवळी पानं एकीकडे, भाषेचे गुन्हे दुसरीकडे.

बेलापुरातला जानेवारीतला रविवार होता. ऊन अर्ध्या अंगणापर्यंत आलं होतं. त्यांची थोरली मुलगी पुष्पावती नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. ती शनिवारी एस.टी.नं आली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती. पायरीवर बसून ती वडिलांचं बोलणं ऐकत होती, म्हणजे वयात आल्यापासून ऐकत आली होती तसंच. आई, भागिरथीबाई, समोर पोत्यावर लोणच्याची लिंबं मोजत होत्या.

"सोळा, सतरा, अठरा, ह्ये, ईस, येकईस..."

"ह्ये म्हणजे किती?" गुरुजींनी मान वर न करता विचारलं.

"तुमाला ठावं हाय."

"संख्येला नाव असतं. नाव घे."

"उखाण्यात घेईन. लिंबं मोजताना न्हाई घ्यायची. आन मधी बोलू नका, माजी मोजणी चुकती."

पुष्पावती हसली. गुरुजीही हसले असावेत, पण ते मेथीत तोंड घालून.

त्या घरात एकोणीस हा आकडा बंद होता. का बंद आहे हे सांगायला गुरुजींना कोणीही चाले. पोस्टमन चाले, कल्हईवाला चाले, मत मागायला आलेला उमेदवार तर फारच चाले, कारण त्याला उठून जाता येत नसे. "एकोणीस म्हणजे काय? एक ऊन वीस. विसाला एक कमी. समोर धडधडीत माणसं उभी आहेत आणि तुम्ही त्यांना हाक मारता ती न आलेल्या माणसाच्या नावानं! अठ्ठावीस झाले की पुढचा तिसाला एक कमी. अडतीस झाले की पुढचा चाळिसाला एक कमी. त्या बिचाऱ्यानं काय केलं?" असे आठ आकडे त्यांनी हेरून ठेवले होते. नववा नव्याण्णव. तो मात्र स्वतःला शंभराला एक कमी म्हणवून घेत नाही. नव्याण्णवाबद्दल गुरुजींना, गरिबीतही ताठ राहिलेल्या एखाद्या पाहुण्याबद्दल असावा, तसा आदर होता.

यात नुसता हट्ट नव्हता. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवत. 'एकोणसाठ लिही' म्हटलं की पोराच्या कानात साठ शिरायचे, ते आधी सहा काढायचं, पुढं नऊ जोडायचं आणि एकोणसत्तर लिहून मार खायचं. पोर बरोबर ऐकतंय, शब्दच खोटा बोलतोय, असं गुरुजींचं म्हणणं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती ते क्वचितच सांगत. छप्पन साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यांचं वय या आठांपैकीच एक होतं. "काल मी तिसाला एक कमी होतो," ते म्हणत, "त्या दिवसापासून मी नऊ आणि वीस झालो. कशाला काही कमी नाही."

मग त्यांनी उपाय काढला. उपाय भाषेतूनच काढला, स्वतःचं काही घातलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. अठ्ठावीस, तर पुढं नव्वावीस. अडतीस, नवतीस. अठ्ठेचाळीस, नव्वेचाळीस. अठ्ठावन्न, नव्वावन्न. अडुसष्ट, नवसष्ट. अठ्ठ्याहत्तर, नव्याहत्तर. अठ्ठ्याऐंशी, नव्याऐंशी. आणि नव्याण्णव आधीपासून जागेवर बसलेलाच. कुठं खटका नाही, कुठं ओढाताण नाही. सात शब्द असे की पोरांनी एका दिवसात उचलावेत.

पण मोजायला सुरुवात केली की सगळ्यात आधी गाठ पडते ती आठव्याशी. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. नवाला 'रा' लावा.

नवरा.

दुसरीचा वर्ग सुरात म्हणू लागला, सतरा, अठरा, नवरा, वीस, आणि आठवड्याभरात पालक शाळेच्या दारात उभे राहिले. "मास्तर, सात वर्साची पोर घरी येऊन नवरा नवरा करती. तुमी शिकिवता काय?" एका सहकाऱ्यानं मध्यममार्ग सुचवला, 'नवदा' करा, नाहीतर 'नवारा' करा. गुरुजी म्हणाले, "आंबा आंबट निघाला म्हणून त्याला चिंच म्हणू का? नियमानं जे येतं ते येतं." नियमानं पुढं बदलीचा हुकूम आला. शेवगावच्याही पलीकडं, पाथर्डीच्या एका वाडीवर, जिथं पावसाळा संपला की अर्धं गाव ऊस तोडायला निघून जाई आणि वर्गात मोजायला फारशी पोरं उरत नसत.

तिथं मात्र चमत्कार झाला. सरकारनं मुलींच्या लग्नाचं वय अठरा केलं, आणि गुरुजींचा बदनाम आकडा एकाएकी कामाला आला. कोणीतरी शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं: 'अठराच्या आत नवरा नाही.' पंचायतीनं सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. गुरुजी सत्काराला उत्तर द्यायला उठले आणि अर्धा तास नव्वावीस आणि नवतीस यांच्यावर बोलले. घरी आल्यावर शाल खुंटीला टांगत ते म्हणाले, "मी गणित शिकवतोय आणि हे लोक त्यातून लग्नं मोडतायत."

कुणाशीही, कुठंही बोलले तरी शेवटी ते एकच शब्द म्हणत आणि थांबत.

"आक्षेप?"

आक्षेप कधी यायचा नाही. हसू यायचं, नाहीतर चहा यायचा. बायकोचं आकड्याचं नाव न घेणं हा आक्षेप होता की लाज, हे त्यांनी कधी विचारलं नाही. धाकटा मुलगा सम्राट वीज मंडळात होता, तो हा विषय निघाला की मोटरसायकल पुसायला जायचा. राहता राहिली पुष्पावती.

आणि पुष्पावतीपाशी आक्षेप होता.

आजचा नव्हता. कॉलेजच्या ग्रंथालयात गणिताच्या कपाटाकडं कोणी फिरकत नसे, त्यामुळं ती फिरकू शकत असे. तिथं तिला कळलं होतं की जुने रोमन लोक एकोणीसला विसाला एक कमी म्हणत आणि अठरालाही विसाला दोन कमी म्हणत. फ्रेंच लोक ऐंशीला चार विसा म्हणतात, म्हणजे पॅरिसचा प्राध्यापक आणि विसाविसांत मोजणारी बेलापूरची तिची आई एकाच मापानं मोजतात. न्यू गिनीत काही लोक एका हाताच्या अंगठ्यापासून सुरू करून मनगट, कोपर, खांदा, कान, डोळा, नाक असे चढत जातात आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीवर सत्ताविसाला उतरतात. ती हे सगळं वडिलांना, नानांना, आणून सांगायची. नाना हरखून जायचे. रोमनांचं ऐकून म्हणाले होते, "म्हणूनच राज्य बुडालं त्यांचं."

पण हे वाचता वाचता तिच्या मनात नानांच्या मोजणीविरुद्ध एक मुद्दा तयार झाला होता. तो नीट, घट्ट होता. तिनं तो कित्येकदा एस.टी.च्या खिडकीत बसून मनात मांडून पाहिला होता. तो नानांना सांगितला मात्र नाही. जगात त्यांना न हसणारी ती एकटी होती. तिनं तोंड उघडलं तर तेही हसण्यातच जमा होईल, असं तिला वाटे.

संध्याकाळी नाना तिला थांब्यावर सोडायला आले. पिशवीत मेथी होती, लिंबं होती. वाटेत कोणीतरी विचारलं, "गुरुजी, वय किती झालं आता?" नाना म्हणाले, "नवसष्ट." विचारणारा मान हलवून पुढं गेला, बहुधा एखाद्या आजाराचं नाव समजून.

"तुला कितवं लागलं गं?"

"तुम्हाला माहीत आहे, नाना."

"नवतीस," नाना समाधानानं म्हणाले. बाकीच्या जगात ती चाळिशीला एक कमी असलेली बिनलग्नाची बाई होती. थांब्यापासून घरापर्यंत तेवढ्या वाटेत ती फक्त नऊ आणि तीस असायची. हे तिला आवडत नव्हतं असं नाही.

गाडी यायला उशीर होता. नानांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. विसावा न आलेला, त्याच्या नावानं हजर असलेल्यांना हाक. शेवटी थांबले.

"आक्षेप?"

"नाही, नाना."

"वीस-पंचवीस वर्षं झाली, एक आक्षेप नाही." ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "हे काही बरं लक्षण नाही. एकतर माझं सगळं बरोबर आहे, नाहीतर कोणी ऐकतच नाही."

"मी ऐकते की."

"तू ऐकतेस. म्हणून तर तुला विचारतो."

तेवढ्यात राहुरीवरून नगरला जाणारी गाडी आली. जागा धरायला पिशवी खिडकीतून आत टाकायची असते, ती नानांनी टाकली. लिंबं आत कुणाच्या तरी मांडीवर सांडली, त्यावरून थोडी बाचाबाची झाली, आणि त्या गडबडीत तिचं मागं वळून बघायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या ऑफिसात सम्राटचा फोन आला. नाना जेवून खुर्चीत बसले होते. आईनं हात धुवायला पाणी आणून दिलं, तर तांब्या घ्यायला हात पुढं आला नाही.

ती पोचली तेव्हा डॉक्टर दाखल्यासाठी माहिती विचारत होते. सम्राट दाराबाहेर कुणाशी तरी बोलत होता. वय कुणाला विचारायचं म्हणून डॉक्टरांनी भिंतीला टेकून बसलेल्या भागिरथीबाईंकडं पाहिलं.

"तीन इसा आन नऊ," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मनात गुणाकार केला आणि आकडा लिहिला. पुष्पावतीला वाटलं, या हिशोबात नाना कशालाच कमी नाहीत. आणि आयुष्यभर ते आईला सांगत राहिले, की इसा मोडीत निघाल्या, आता नीट मोजत जा.

संध्याकाळी भोंगा लावलेली रिक्षा गावातून फिरली. मजकूर सम्राटनं दिला होता. "बेलापूरचे ज्येष्ठ नागरिक, सेवानिवृत्त शिक्षक रंगनाथ पगारे गुरुजी यांचे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी दुःखद निधन झाले आहे..." रिक्षा वळणावर गेली तरी एकोणसत्तर ऐकू येत होतं. शब्द चारदा, पाचदा गल्लीतून फिरून आला. नानांना हे घरात बसून ऐकावं लागलं असतं, तर ते रिक्षेमागं पळाले असते.

शब्दानं आपलं काम चोख केलं. जो येई तो हेच म्हणे. नानांची बहीण छबूआत्या उंबऱ्यातच बसली आणि तिनं सूर लावला, "सत्तरीला एक कमी पडलं रं माज्या भावाला! एक वर्स काय जड हुतं त्या देवाला!"

"आत्या, आपल्यात देव नाही," सम्राट हळूच म्हणाला.

"न्हाई तर न्हाई. पर एक वर्स कमीच पडलं का न्हाई?"

पाहुणे, शेजारी, पेन्शनर मंडळी, सगळ्यांना त्या न झालेल्या एका वर्षाचं दुःख होतं. सत्तर पुरी करायला हवी होती. सत्तरीचा सत्कार करणार होतो. जी वर्षं झाली, ज्यात हा माणूस दोन हजार पोरांना बेरीज शिकवून गेला, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढेना. पुष्पावती भिंतीशी बसून ऐकत होती. नाना म्हणायचे ते शब्दशः समोर घडत होतं. त्यांचा सिद्धांत इतका स्वच्छ सिद्ध झालेला तिनं कधी पाहिला नव्हता, आणि तो दाखवायला ते नव्हते.

छबूआत्याचं लक्ष मग तिच्याकडं गेलं. "आन ही. बापानं साऱ्या पाथर्डीच्या पोरींला नवरा मोजून दिला, हिच्या वाट्याला काय आला न्हाई."

"आत्या, मला मोजणी येते. हवा असता तर घेतला असता."

"बघा, बापाची जीभ घेऊन आली," आत्या म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. मग ते लपवायला ती जास्त मोठ्यानं रडली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी ठरला. विहारासमोर मांडव, सकाळी वंदना, मग आदरांजलीची भाषणं, मग जेवण. आदल्या संध्याकाळी सम्राटनं बहिणीला बाजूला घेतलं.

"ताई, तू बोलणार आहेस ना? एकच सांगतो. तो विषय नको."

"कुठला?"

"आता कुठला म्हणून काय विचारतेस? तो नवरा. साहेब लोक येणारेत माझ्या ऑफिसचे. शोकसभेत हसले लोक तर कसं दिसेल?"

"नानांनी दुसरं काही केलं होतं का, ज्याच्यावर मी बोलू?"

"शिस्त," तो म्हणाला. "वक्तशीरपणा. असलं बोल ना काहीतरी. मलाही त्यांना कोणी हसलेलं नको आहे, ताई. शाळेत मला नवरा मास्तरचा पोरगा म्हणायचे. तुला माहीत नाही."

तिला माहीत नव्हतं. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बघू, म्हणाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला जाणवलं की सम्राटच्या आणि तिच्या गप्प बसण्यात फारसा फरक नव्हता. तो नानांना हसण्यापासून वाचवत होता, तीही तेच करत आली होती. दोघांनी मिळून त्यांना चोख एकटं ठेवलं होतं.

रविवारी सकाळी विहाराच्या मंडळाची स्टीलची ताटं आली. बायका धुवायला बसल्या. पुष्पावती फडक्यानं पुसत होती आणि भागिरथीबाई पुसलेली ताटं एकावर एक ठेवत मोजत होत्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, आवाज नेहमीचा. त्यांना मोजायला कोणी सांगितलं नव्हतं, पण बसून राहवत नव्हतं.

"पंदरा. सोळा. सतरा. अठरा."

पुढचं ताट त्यांच्या हातात होतं. पुष्पावतीचा हात थांबला. छबूआत्या खरकटं पाणी ओतत होती, ती तशीच वाकून राहिली. इतक्या वर्षांत त्या जागी 'ह्ये' येतं हे घरातल्या बायांना ठाऊक होतं.

भागिरथीबाईंनी ताटाकडं पाहिलं. ताट ठेवलं.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. मग, "ईस. येकईस." आणि मोजणी पुढं चालू राहिली.

पुष्पावतीनं पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं.

मांडव भरला. बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील दिलं. नानांच्या फोटोला हार होता; फोटो निवृत्तीच्या दिवशीचा, त्यात ते कुणाला तरी काहीतरी समजावून सांगायच्या बेतात असल्यासारखे दिसत होते. मग भाषणं सुरू झाली. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, गुरुजी शिस्तप्रिय होते. वीज मंडळाचे साहेब म्हणाले, गुरुजी वक्तशीर होते. एका पुढाऱ्यानं गुरुजींना सागराची उपमा दिली आणि त्यांचं नाव रघुनाथ सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं. सम्राटचा चेहरा सैल पडत चालला होता.

तेवढ्यात पाथर्डीहून जीप आली. आठ-दहा बाया उतरल्या. त्यांच्यातली एक, तिशीच्या आतबाहेरची, सरळ माइकपाशी गेली. "जयभीम. मी ज्योती. वाडीवर अंगनवाडी चालिवते. गुरुजींची दुसरीची इद्यार्थीनी."

सम्राटनं पुष्पावतीकडं पाहिलं. पुष्पावतीनं मांडवाच्या कापडाकडं पाहिलं.

"मी तेरा वर्सांची व्हते," ज्योती सांगू लागली. "घरी पाव्हणं आलं. उसाला जायच्या आत लगीन उरकायचं म्हणले. म्या म्हणलं, आमच्या शाळंत अठरा झाल्याबिगर नवरा येतच न्हाई. मोजून दावू का? आन लागले मोजाया. येक, दोन, तीन... तेरावर गपकन थांबले. म्हणलं, अजून लई लांब हाय, पाव्हणं, तवर चहा घ्या."

मांडवात एकदम हसू उसळलं. वीज मंडळाचे साहेबसुद्धा हसले.

"पाव्हणं उठून गेलं. पुढच्या साली दुसरं आलं. म्या चौदावर थांबले. बाप लई चिडायचा, पर त्याला बी हसू यायचं. आन गंमत काय, गुरुजी खूश न्हाई व्हायाचे! मला म्हणायचे, अगं ज्योती, तो नवरा न्हाई, तो आकडा हाय!" तिनं पदर तोंडाला लावला. हसता हसता तिचा आवाज चिरकला. "गुरुजी, आमाला आकडा न्हाई कळला. पर तुमी नसता तर आमचं काय झालं असतं, ह्ये कळतं."

टाळ्या पडल्या. आदरांजलीत टाळ्या वाजवायच्या नसतात हे दोन क्षण सगळे विसरले. पुष्पावतीनंही वाजवल्या. आणि टाळ्या वाजवतानाच तिच्या लक्षात आलं की आज नानांची सगळ्यांत मोठी स्तुती झाली, ती त्यांनी आयुष्यभर नाकारलेल्या गोष्टीबद्दल. शिस्त झाली, सागर झाला, लग्नं मोडणं झालं. आकड्याबद्दल कोणी बोललं नव्हतं. आता तिचं नाव पुकारलं गेलं. सूत्रसंचालक म्हणाला, "गुरुजींच्या गणिती विचारांचा वारसा पुढे चालवणाऱ्या, त्यांच्या कन्या."

ती उठली. माइक ज्योतीच्या उंचीचा होता, तो वर करायला कोणीतरी आलं. समोर आई पहिल्या रांगेत बसली होती. सम्राट खाली बघत होता.

"मी वारसा वगैरे चालवत नाही," ती म्हणाली. "माझं नानांशी पटत नव्हतं."

छबूआत्यानं मान वर केली.

"म्हणजे आकड्यांच्या बाबतीत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यांनी आपली मोजणी समजावून सांगितली असेल. शेवटी ते विचारायचे, आक्षेप? सगळे हसायचे. मी हसायची नाही. मी 'नाही' म्हणायची. माझ्याकडे आक्षेप होता. तो आज सांगते, कारण त्यांना तो हवा होता."

तिनं बोलणं लोकांकडं बघून सुरू केलं होतं. आता ते कुणाकडं बघून चाललंय हे तिला नीट कळत नव्हतं.

"नाना म्हणायचे, एकोणीस हा कमीपणाचा शब्द आहे. मला तसं वाटत नाही. आपल्या भाषेत अठराला कोणी विसाला दोन कमी म्हणत नाही. सतराला तीन कमी म्हणत नाही. रोमन लोक म्हणायचे, पण रोमन मध्ये आणू नका, नाना, त्यांचं राज्य बुडालं. आपण फक्त तेव्हाच कमी म्हणतो, जेव्हा एकच राहिलेला असतो. एकोणीस म्हणणारा माणूस, आलेल्यांना नावं ठेवत नसतो. त्यानं विसाव्याची जागा धरून ठेवलेली असते. त्याला हाक मारायची तयारी असते त्याची.

"तुम्ही म्हणाल, जे आहे ते मोजा, जे नाही ते मोजू नका. हे गेल्या रविवारपर्यंत मला पटवून घेता येत होतं. घरात माणसं आहेत. आई आहे, सम्राट आहे, त्याची बायको-मुलं आहेत, आत्या आहे, मी आहे. तुमच्या रीतीनं मोजलं तर हिशोब पूर्ण आहे, कुठं काही कमी नाही. तो मला चालत नाही. मला कमी असलेलं मोजायचं आहे. आईनं आज सकाळी मोजलं. तुमच्या मोजणीत त्याला शब्द नाही, जुन्या मोजणीत आहे, आणि तो शब्द तुम्ही पोरांच्या पुस्तकातून काढून टाकायला निघाला होता."

भागिरथीबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्या मुलीकडं बघत राहिल्या, एखादी अवघड गोष्ट शेवटी कोणीतरी बोलून दाखवली असावी तशा.

"यावर तुमच्याकडं उत्तर असणार. पोर साठ ऐकून सहा लिहितं, त्याचं काय, हे तुम्ही आधी विचारलं असतंत, आणि तिथं माझी अडचण झाली असती. मग मी काहीतरी म्हटलं असतं, तुम्ही ते खोडलं असतंत, आई म्हणाली असती, आता जेवून घ्या. गाडी निघून गेली असती आणि मी सोमवारी पहाटेच्या गाडीनं गेले असते."

माइकमधून नुसता वारा ऐकू आला. मागं कुठंतरी आचाऱ्यानं झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

"तुमच्यावर हसणारे खूप होते, म्हणून मी हो ला हो केलं," पुष्पावती म्हणाली. "मला तसं नको होतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं, नाना."